मराएच्या दारात उभा परका

१८ डिसेंबर १६४२ च्या संध्याकाळी न्यूझीलंडच्या दक्षिण बेटाच्या उत्तर टोकाशी दोन डच जहाजं नांगर टाकून उभी होती. एकाचं नाव हीमस्कर्क, दुसऱ्याचं झेहान. मोहिमेचा प्रमुख आबेल तास्मान. आपल्याकडे शिवाजीराजे तेव्हा बारा वर्षांचे होते. किनाऱ्याकडून दोन होड्या आल्या आणि अंतर राखून थांबल्या. होडीतली माणसं घोगऱ्या आवाजात काही ओरडली, मग त्यांनी एक वाद्य फुंकलं. मूर लोकांच्या तुतारीसारखा आवाज, अशी नोंद तास्मानच्या रोजनिशीत आहे. डचांनी या आवाजाला आवाजाने उत्तर द्यायचं ठरवलं. तुतारी वाजवता येणारा एक खलाशी डेकवर उभा केला. इकडून सूर, तिकडून सूर, असं काही वेळा झालं आणि अंधार पडल्यावर होड्या परत गेल्या. दुसऱ्या दिवशी दोन जहाजांच्या मधून जाणाऱ्या डचांच्या लहान नावेवर एक माओरी होडी वेगाने येऊन आदळली. चार खलाशी गेले. तास्मानने त्या जागेला 'खुन्यांचा उपसागर' असं नाव दिलं आणि न्यूझीलंडच्या मातीला पाय न लावता तो निघून गेला.

आज बहुतेक अभ्यासकांना वाटतं की तो आवाज म्हणजे आव्हान होतं. तुम्ही कोण, कशाला आलात, लढायला आलात का? डचांनी तुतारी वाजवून 'हो' म्हटलं आणि आपण काय म्हटलं याचा त्यांना पत्ताही नव्हता.

साताऱ्यात शाळेत इतिहास शिकवण्यात माझी हयात गेली, त्यामुळे मुलीने न्यूझीलंडमधल्या गिस्बर्नच्या शाळेत नोकरी धरली तेव्हा मी आधी तास्मान आणि कुक वाचून काढले. ॲन सॅमंड या न्यूझीलंडच्या इतिहासकार बाईंची दोन पुस्तकं मुलीनेच हाती दिली. त्यांतलं एक, १९७५ सालचं 'हुई', मराएवरच्या मेळाव्यांबद्दल आहे. मराए म्हणजे माओरी कुळाची सभेची जागा. समोर मोकळं अंगण, मागे कोरीव लाकडाचं मोठं घर, बाजूला भोजनगृह. तिथे पहिल्यांदा येणाऱ्याला रीतसर आत घेण्याचा जो विधी असतो तो पोफिरी. मुलीच्या शाळेत नव्या शिक्षकांना जवळच्या एका मराएवर असं आत घेतात, घरच्यांसकट. म्हणून मुलीकडे गेलेले मी आणि माझी बायकोही अशा एका पोफिरीच्या गर्दीत होतो. मराएचं नाव लिहीत नाही. ते तिकीट काढून बघायचं ठिकाण नाही आणि तसं व्हावं अशी तिथल्या लोकांची इच्छाही नाही.

मुलीने आम्हाला चार गोष्टी बजावल्या होत्या. फाटकातून आपणहून आत शिरायचं नाही. बोलणाऱ्याच्या समोरून जायचं नाही. घरात बूट काढून जायचं. आणि उशीवर, जेवणाच्या टेबलावर बसायचं नाही. शेवटच्या दोन गोष्टी साताऱ्याच्या माणसाला सांगायची गरज नव्हती.

फाटकाबाहेर आम्ही थांबलो. बायका पुढे, पुरुष मागे. आतून एका वृद्ध बाईची लांब, उंच हाक आली. तिला कारांगा म्हणतात. आमच्या बाजूने शाळेतल्या एका माओरी शिक्षिकेने तशीच हाक देऊन उत्तर दिलं आणि मग आम्ही हळूहळू चालू लागलो. या हाकेत फक्त जिवंत माणसांना बोलावत नाहीत. पाहुण्यांचे मेलेले लोकही त्यांच्यासोबत आले आहेत असं धरून त्यांना बोलावतात, यजमानांच्या मृतांशी त्यांची गाठ घालून देतात. म्हणून घरासमोर सगळे काही क्षण मान खाली घालून थांबतात. काही जण रडतात. माझी बायको रडली. तिचे वडील आदल्या पावसाळ्यात गेले होते.

आमच्यासाठी भालेकरी पुढे आला नाही. ते आव्हान, वेरो, मोठ्या पाहुण्यांसाठी असतं. हातात ताइआहा नावाचं लांब लाकडी शस्त्र घेऊन योद्धा नाचत पुढे येतो, जमिनीवर एखादी डहाळी किंवा कोरीव काडी ठेवतो आणि पाहुण्यांच्या प्रमुखाने नजर न हलवता ती उचलायची असते. उचलली तर शांतता. राजघराण्यातली माणसं, राष्ट्रप्रमुख हे सगळं करताना वर्तमानपत्रात फोटोत दिसतात. आपण गिस्बर्नच्या शाळेतल्या एका शिक्षिकेचे आईवडील, आपल्याला कशाला? पण तास्मानच्या वेळी जे झालं ते याच ठिकाणी अडकलं होतं, हे मला तिथे उभं राहिल्यावर नीट कळलं. अंगण हे युद्धाच्या देवाचं, तूमाताउएंगाचं. घराच्या आतली जागा शांततेच्या देवाची, रोंगोची. परका माणूस जोवर अंगणात आहे तोवर त्याचं काय करायचं हे ठरलेलं नसतं.

आपल्याकडच्या सीमांतपूजनाची आठवण येते खरी. गावच्या वेशीवर वरपक्षाला थांबवायचं, मग मानाने आत घ्यायचं. पण तिथे नवरा कोण हे सगळ्यांना माहीत असतं. इथे माहीत नसतं, आणि विधी त्यासाठीच आहे.

गिस्बर्नचं जुनं नाव तूरांगानुई-आ-किवा. १७६९ च्या ऑक्टोबरात कॅप्टन कुकचं एंडेव्हर जहाज इथे लागलं. थोरले माधवराव पेशवे तेव्हा पुण्यात राज्य करत होते. पहिल्याच दिवशी कुकच्या माणसांनी ते मारो नावाच्या माओरी माणसाला गोळी घातली. दुसऱ्या सकाळी नदीच्या पलीकडच्या काठावर शस्त्रं घेतलेली माणसं हाका नावाचं समूहनृत्य करत उभी राहिली. त्या वेळी तुपाइआ पुढे झाला.

हा तुपाइआ मला कुकपेक्षा जास्त महत्त्वाचा वाटतो. ताहितीजवळच्या राइआतेआ बेटाचा पुरोहित, ताऱ्यांवरून वाट काढणारा दर्यावर्दी, ताहितीहून स्वतःहून एंडेव्हरवर चढलेला. तो आपल्या भाषेत बोलला आणि पलीकडच्यांना ती समजली. हजारो मैल समुद्र मध्ये असूनही दोन्हीकडची बोली एकाच मुळातली होती. मग एक माओरी माणूस पोहत नदीतल्या एका खडकावर आला, कुक शस्त्र खाली ठेवून पाण्यात उतरला आणि त्या खडकावर दोघांनी नाकाला नाक लावून अभिवादन केलं. त्याला होंगी म्हणतात. एवढं होऊनही पुढच्या काही तासांत तलवारीच्या ओढाताणीवरून आणखी एक माणूस मारला गेला, नंतर खाडीत होडीतल्या कोळ्यांवर गोळ्या चालल्या. नऊ माणसं मेली किंवा जखमी झाली. २०१९ मध्ये, अडीचशे वर्षांनी, ब्रिटिश उच्चायुक्त गिस्बर्नला येऊन स्थानिक कुळांसमोर खेद व्यक्त करून गेल्या. माफी मात्र मागितली नाही, असं तिथले लोक सांगतात, आणि हे सांगताना ते आवाज चढवत नाहीत. तो खडकही आता नाही. बंदर मोठं करताना एकोणिसाव्या शतकात सुरुंग लावून फोडला.

थोडं उत्तरेला उआवा इथे मात्र सगळं वेगळं घडलं. तुपाइआ तिथल्या पुरोहितांशी देवांबद्दल, वंशावळींबद्दल दीर्घ बोलला. जहाजाला पाणी, भाजी, लाकूड मिळालं. कोणी मेलं नाही. कुक काही वर्षांनी न्यूझीलंडला परतला तेव्हा लोकांनी पहिला प्रश्न विचारला: तुपाइआ कुठे आहे? तो १७७० च्या डिसेंबरात बटाव्हियात आजाराने गेला होता. जहाज त्याचंच आहे असं पुष्कळांना वाटत असे. पाहुण्यांच्या बाजूने बोलायला माणूस असला की परक्याचा पाहुणा होतो, हा धडा उआवाने दिला. आजही पोफिरीत पाहुण्यांना आपला वक्ता लागतो. आमच्यासाठी शाळेचे एक ज्येष्ठ शिक्षक उभे राहिले, त्यांना मुलं 'मातुआ' म्हणतात.

हे मातुआ आदल्या दिवशी घरी आले होते. चहा घेता घेता त्यांनी मला माझा डोंगर कोणता आणि नदी कोणती ते विचारलं. माओरी माणूस ओळख सांगताना स्वतःचं नाव शेवटी घेतो. आधी डोंगर, मग नदी, मग पूर्वज, होडी, कूळ. मी अजिंक्यतारा आणि कृष्णा सांगितली. त्यांनी दोन्ही नावं दोनदा म्हणून घेतली आणि दुसऱ्या दिवशी अंगणात भाषणात घेतली. त्यांच्या तोंडून 'अजिंक्यतारा' ऐकताना माझी मान थोडी ताठ झाली, हे कबूल करायला हरकत नाही.

भाषणांना फाइकोरेरो म्हणतात. त्याचा क्रम कुळागणिक बदलतो. या किनाऱ्यावर न्गाती पोरोऊ या मोठ्या कुळाची पद्धत आहे: आधी यजमानांचे सगळे वक्ते, मग पाहुण्यांचे. रोटोरुआच्या ते आरावा लोकांत एक इकडचा, एक तिकडचा, असं आळीपाळीने चालतं. प्रत्येक भाषणानंतर त्या वक्त्याच्या माणसांनी उठून गाणं म्हणायचं असतं, नाहीतर भाषण अर्धवट मानतात. आमच्या गटात इंग्रज होते, फिलिपिनो होते, एक जोडपं केरळचं. शाळेने सगळ्यांना 'ते आरोहा' हे छोटं गाणं शिकवून ठेवलं होतं. ते झाल्यावर मातुआंनी आमच्याकडे बघून मान हलवली. आम्ही दोघांनी साने गुरुजींची, शाळेत प्रत्येकाच्या तोंडी बसलेली प्रार्थना म्हटली. मुलगी तिसरी. दुसऱ्या कडव्यापासून तिचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

बोलणारे सगळे पुरुष होते. बायकोने नंतर मला विचारलं, बायकांनी फक्त हाका मारायच्या का? हा प्रश्न त्या देशातही जुना आहे. १९९८ मध्ये वाइतांगीच्या एका मराएवर तेव्हाच्या विरोधी पक्षनेत्या हेलन क्लार्क बोलायला उठल्या तर एका माओरी बाईनेच हरकत घेतली: आमच्या बायकांना इथे बोलता येत नाही, मग यांना कसं? क्लार्क यांना रडू आवरलं नाही आणि ते सगळ्या देशाने टीव्हीवर पाहिलं. पुढच्या वर्षी त्या पंतप्रधान झाल्या. न्गाती पोरोऊमध्ये मात्र मोठ्या घराण्यातल्या बायकांना अंगणात बोलण्याचा मान पूर्वापार आहे. यजमानांपैकी एका आजीने, त्यांना सगळे 'नॅनी' म्हणतात, बायकोला सांगितलं की बाईचा आवाज आधी गेल्याशिवाय पुरुष एक पाऊल पुढे टाकू शकत नाही. बायकोचं त्याने पूर्ण समाधान झालं नाही. माझंही नाही.

भाषणं संपताना आमच्या शेवटच्या वक्त्याने जमिनीवर एक पाकीट ठेवलं. हा कोहा. पूर्वी यात चरबीत मुरवलेले पक्षी, वाळवलेले मासे, विणलेल्या चटया येत. आता नोटा असतात आणि कोणी किती दिलं याची नोंद ठेवतात, कारण उद्या तेच तुमच्याकडे पाहुणे म्हणून येणार असतात. न्यूझीलंडच्या आयकर खात्याला कोह्यावर कर कधी लागतो, कधी नाही, याची पुस्तिका काढावी लागली आहे. सातारा जिल्ह्यातला आहेर असा सरकारी कागदावर कधी आला नाही, नशीब.

मग होंगी. रांगेत उभं राहून प्रत्येकाशी नाक आणि कपाळ टेकवायचं आणि श्वास एकत्र घ्यायचा. ताने देवाने मातीच्या पहिल्या स्त्रीच्या नाकपुड्यांत श्वास फुंकला, अशी त्यामागची कथा. १९१८ च्या इन्फ्लुएन्झात सुमारे अडीच हजार माओरी मेले. मृत्यूचं प्रमाण गोऱ्यांच्या आठपट. त्याची आठवण घराघरात आहे. म्हणून मार्च २०२० मध्ये करोना आला तेव्हा अनेक कुळांनी सरकारने सांगायच्या आधीच होंगी थांबवली. परंपरेवर अडून बसणारे लोक म्हणून ज्यांना हिणवतात ते असे वागतात.

पोफिरीचा हा विधी टिकला कसा, हा माझ्यातल्या मास्तराचा प्रश्न होता. ६ फेब्रुवारी १८४० ला वाइतांगीला ब्रिटिशांशी तह झाला. तह म्हटला की सातारकराचे कान उभे राहतात. आमचा १८१९ चा तह, १८३९ मध्ये प्रतापसिंह महाराज पदच्युत, १८४८ मध्ये राज्य खालसा. तिकडेही जमीन गेली, १८६७ पासून सरकारी शाळांत इंग्रजी आली, १९०७ मध्ये माओरी पुरोहितांवर बंदीचा कायदा आला तो १९६२ पर्यंत होता. विधी टिकला तो मुख्यतः मरणामुळे. माणूस गेला की त्याला मराएवर दोन-तीन दिवस ठेवतात, दूरदूरची कुळं येतात आणि प्रत्येक गटाला हाक मारून, भाषण करून आत घ्यावंच लागतं. तांगी नावाच्या या अंत्यविधीला कोणत्याही सरकारला हात लावता आला नाही. विधी तिथे रोजच्या सरावात राहिला.

दुसऱ्या बाजूला पर्यटन. रोटोरुआजवळच्या ते वाइरोआ गावात १८८० च्या सुमारास युरोपीय प्रवासी गुलाबी-पांढऱ्या खनिजांच्या पायऱ्या बघायला झुंडीने येत आणि संध्याकाळी पैसे देऊन हाका पाहत. त्या कमाईतून १८८१ मध्ये हिनेमिही नावाचं सभागृह उभं राहिलं. कोरीव पूर्वजांच्या डोळ्यांत शिंपल्यांऐवजी सोन्याची नाणी बसवली होती. १० जून १८८६ ला तारावेरा ज्वालामुखी फुटला, सुमारे एकशेवीस माणसं मेली, पायऱ्या गेल्या. हिनेमिहीच्या छताखाली लोक वाचले. पुढे १८९२ मध्ये गव्हर्नर लॉर्ड ऑन्स्लोने ते घर पन्नास पौंडांना विकत घेऊन इंग्लंडमध्ये आपल्या बागेत नेलं. त्याचे लाकडी पूर्वज परत देण्याचं अलीकडे ठरलं आहे. रोटोरुआत आजही तिकीट काढून विधी बघता येतो. तो खोटा आहे असं मी म्हणणार नाही. ते लोक तिथलेच, गाणी खरी, वाटाड्या बायकांची परंपरा सोफिया हिनेरांगी, मॅगी पापाकुरा यांच्यापासूनची. पण तिथे तुम्हाला काही करावं लागत नाही. तुमचा डोंगर कोणी विचारत नाही.

जुन्या कलेला पुन्हा पायावर उभं करण्याचं काम याच किनाऱ्यावरच्या माणसाने केलं. सर आपिराना न्गाटा, खासदार, आज न्यूझीलंडच्या पन्नास डॉलरच्या नोटेवर. १९२० च्या दशकात त्यांनी रोटोरुआत कोरीवकामाची शाळा काढली आणि तिथून शिकून बाहेर पडलेल्या कारागिरांनी देशभर सभागृहं बांधली. ६ फेब्रुवारी १९४० ला वाइतांगीच्या तहाच्या शताब्दीला तिथलं मोठं कोरीव घर उघडलं तेव्हा न्गाटा स्वतः हाका करायला पुढे होते. लवकरच अठ्ठाविसावी माओरी बटालियन युद्धावर गेली. सुमारे ३,६०० जण गेले, ६४९ परतले नाहीत. बटालियनच्या न्गारिमू या तरुण अधिकाऱ्याला ट्युनिशियात मेल्यावर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ६ ऑक्टोबर १९४३ ला रुआतोरियात त्याच्या आईवडिलांच्या हाती गव्हर्नर-जनरलने तो दिला. त्या दिवशी न्गाटांनी जो मेळावा भरवला त्यात हजारो माणसं होती आणि राजाचा प्रतिनिधी हाच त्यांचा पाहुणा होता.

होंगीनंतर आम्ही आमच्या यजमानांच्या मराएच्या घरात शिरलो. घर म्हणजे पूर्वजाचं शरीर. छताचा मधला वासा पाठीचा कणा, बाजूचे वासे बरगड्या. भिंतीवर फोटो, त्यात बटालियनच्या टोपीतली पोरं. आमचे थोरले चुलते मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते, इटलीत लढले. ९ एप्रिल १९४५ ला सेनियो नदीवर त्याच रेजिमेंटच्या नामदेव जाधवांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला आणि त्या दिवशी शेजारच्या आघाडीवर न्यूझीलंडची डिव्हिजन होती. हे मी नॅनींना सांगितलं. त्यांनी भिंतीवरच्या एका फोटोपाशी नेलं. वडील. त्याही इटलीचं नाव घेऊन गप्प झाल्या आणि मग म्हणाल्या, चला, जेवण गार होतंय.

जेवल्याशिवाय विधी पूर्ण होत नाही. अन्नानेच अंगावरचं पावित्र्याचं बंधन उतरतं. जमिनीतल्या खड्ड्यात तापलेल्या दगडांवर शिजलेलं मांस, भोपळा आणि कूमारा, म्हणजे रताळं. हे रताळं दक्षिण अमेरिकेतून पॉलिनेशियन दर्यावर्दींनी कोलंबसाच्या आधी आणलं. आपल्याकडे ते पोर्तुगीजांनी उलट्या बाजूने आणलं. बायकोने रताळ्याच्या किसाची कृती तिथल्या स्वयंपाकघरातल्या बायकांना सांगितली. त्यांनी ऐकून घेतली, पण लोण्याशिवाय रताळं, हे काही त्यांना पटलं नाही.

आपल्याकडची पुष्कळ मंडळी आता मुलांकडे ऑकलंड, वेलिंग्टनला जातात. वेलिंग्टनच्या व्हिक्टोरिया विद्यापीठात मराए आहे, ऑकलंडच्या विद्यापीठात आहे, शाळा आणि सरकारी कचेऱ्याही नव्या माणसाला असंच आत घेतात. तुमच्या मुला-सुनेच्या कामाच्या ठिकाणी बोलावणं आलं, तर 'आम्हाला काय कळणार' म्हणून घरी बसू नका. साडी नेसून गेलात तरी चालतं. पाकिटात काय घालायचं ते मुलांना विचारा, डोंगर आणि नदी आठवून ठेवा, आणि गाणं जायच्या आदल्या रात्री ठरवून घ्या. तिथे उभं राहिल्यावर कुणालाच काही आठवत नाही.